ऑडिओ एंटरटेनमेंट (अल्बम)

ऑडिओ एंटरटेनमेंट हा अमेरिकेतील अटलांटा येथील टॅग टीम या बास रॅप (घुमणाऱ्या खर्जाच्या ठोक्यावरचे, नाचायचे रॅप) जोडगोळीचा १९९५ मध्ये आलेला दुसरा अल्बम. पहिल्या अल्बमने ‘बिलबोर्ड २००’ या अमेरिकेतील लोकप्रिय अल्बमांच्या यादीत ३९वे स्थान गाठले होते. या अल्बमला त्या यादीत शिरकावही करता आला नाही. त्यामुळे संगीतापेक्षा त्याच्या अपयशाची कारणेच अधिक पाहण्यासारखी आहेत.

सेसिल ग्लेन (डीसी द ब्रेन सुप्रीम) आणि स्टीव्ह गिब्सन (स्टीव्ह रोलन) हे मूळचे कोलोरॅडोतील डेन्व्हरचे, शाळेपासूनचे मित्र. अटलांटात आल्यावर ग्लेन ‘मॅजिक सिटी’ या स्ट्रिप क्लबमध्ये डीजे झाला. नवे गाणे चालणार की पडणार, याचा निकाल तिथे नाचणारी मंडळी जागच्या जागी देत. १९९२ मध्ये जोडगोळीचे ‘वूम्प! (देअर इट इज)’ हे गाणे त्याने तिथेच प्रथम वाजवले. मोठ्या कंपन्यांनी नाकारलेले हे गाणे अखेर अल बेल यांच्या बेलमार्क रेकॉर्ड्सने १९९३ मध्ये बाजारात आणले. बेल हे पूर्वी मेम्फिसच्या स्टॅक्स रेकॉर्ड्सचे प्रमुख होते. गाणे ‘हॉट १००’ या बिलबोर्डच्याच एकेकट्या गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले आणि पहिल्या दहांत २४ आठवडे टिकले.

गाण्याची घडण मायामी बास शैलीची. रोलंड टीआर-८०८ या ड्रम यंत्राचा लांबवलेला, घुमणारा ठोका, वेगवान ताल आणि एकाने पुकारा करून गर्दीने उत्तर देण्याची रीत, ही या शैलीची मुख्य अंगे. हे संगीत क्लबमध्ये आणि मोटारीच्या डिकीत बसवलेल्या सबवूफरवर ऐकायचे. ‘वूम्प’मधली सिंथेसायझरची धून मात्र कानो या इटालियन डिस्को गटाच्या १९८० च्या गाण्यातून उचललेली आहे. फ्लोरिडातील ९५ साउथ या गटाचे जवळजवळ याच घोषवाक्याचे गाणे थोडे आधी आले होते. घोषवाक्य दोघांच्याही आधीपासून क्लबमध्ये रुळलेले होते, तेव्हा कोणी कोणाचे चोरले हा वाद निरर्थकच म्हणायचा.

पुढे हे गाणेच जोडगोळीच्या मानगुटीवर बसले. ‘ॲडम्स फॅमिली व्हॅल्यूज’ चित्रपटासाठी त्याची नवी आवृत्ती झाली आणि तिला १९९३ च्या सर्वात वाईट गाण्याचा रॅझी पुरस्कार मिळाला. मग डिस्नेसाठी मिकी माऊसच्या संगतीने आणखी एक आवृत्ती आली. दुसरा अल्बम येईपर्यंत लहान मुलांच्या वाढदिवसांपासून क्रीडा मैदानांपर्यंत हा पुकारा इतका पोहोचला होता की गाणाऱ्यांची वेगळी ओळखच उरली नव्हती. बास रॅपचा ग्राहकही मुळात एकेका गाण्याचा. नाचायला एक कडवे पुरते, तासाभराचा अल्बम कशाला लागतो?

बास रॅपची लाट ओसरली म्हणून अल्बम पडला, असे म्हणणे सोपे, पण ते फारसे टिकत नाही. १९९६ मध्येच क्वाड सिटी डीजेज या गटाचे आगगाडीवरचे बास गाणे ‘हॉट १००’ यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेले. बदलले होते ते अटलांटा. आउटकास्ट या तिथल्याच रॅप जोडगोळीचा पहिला अल्बम १९९४ मध्ये आणि गुडी मॉब या रॅप गटाचा १९९५ मध्ये आला, आणि दक्षिणेच्या रॅपकडून श्रोते शहराच्या गोष्टी, गरिबी, धर्म, राजकारण यांची अपेक्षा करू लागले. टॅग टीमकडे गर्दीला नाचवण्याचे कसब होते, सांगण्यासारखी अशी गोष्ट नव्हती.

प्रकाशकाचीही दमछाक झाली होती. ड्यूस या बास रॅप जोडगोळीचे ‘डॅझी ड्यूक्स’ आणि प्रिन्सचे १९९४ मधील एक गाजलेले गाणे काढणाऱ्या बेलमार्कने १९९७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनीची मालमत्ता डीएम रेकॉर्ड्सकडे गेली आणि ‘वूम्प’च्या रचनेचे हक्क कोणाचे यावर बेल (मूळ नाव अल्व्हर्टिस इझबेल) यांनी दावा लावला. २०१२ मध्ये ज्युरीने त्यांच्या बाजूने २० लाख डॉलरहून अधिक भरपाईचा कौल दिला आणि २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. डिसेंबर २०२० मध्ये गायकोच्या विमा जाहिरातीत ग्लेन व गिब्सन आइस्क्रीम वाढताना दिसले, तेही ‘वूम्प’चे शब्द बदलून. दुसऱ्या अल्बममधल्या गाण्यांची अशी विचारणा कोणी केली नाही.