ओपिऑइडची नोंद आणि निदानाचा संकेतांक

कर्करोगाच्या वेदनेसाठी रोज मॉर्फीनची गोळी घेणारा रुग्ण, हेरॉइनच्या व्यसनात अडकलेला तरुण आणि जास्त मात्रेमुळे श्वास मंदावून बेशुद्धावस्थेत दाखल झालेला माणूस या तिघांच्या शरीरात एकाच कुळातली, म्हणजे ओपिऑइड (अफूसारखा परिणाम करणारी) द्रव्ये काम करत असतात. तरीही वैद्यकीयदृष्ट्या या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि रुग्णालयाच्या नोंदीत त्या वेगळ्या दिसणे आवश्यक असते. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातील संकेतांक वापरले जातात. या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीला आयसीडी-१० म्हणतात आणि तिचे विस्तारित रूप अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. ओपिऑइडमुळे उद्भवणारे मानसिक व वर्तनविषयक विकार त्यात 'एफ ११' या गटात येतात. पुढील विवेचन प्रामुख्याने या अमेरिकी रूपाला धरून आहे, कारण ओपिऑइडच्या बाबतीत इतके बारीक भेद मूळ आवृत्तीत नाहीत.

या नोंदींत घोळ कुठे होतो हे समजण्यासाठी आधी शरीरात काय घडते ते पाहावे लागेल. मेंदूच्या बुंध्यात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा एक लहानसा पुंजका असतो आणि शरीराला सावध ठेवणारे नॉरॲड्रेनालिन तेथून स्रवते. ओपिऑइड या पेशींची क्रिया दाबून टाकते. हा दाब आठवडेच्या आठवडे टिकला की पेशी स्वतःची यंत्रणा वाढवून त्याची भरपाई करतात. अशा वेळी औषध एकाएकी बंद केले, तर दाब जातो पण वाढवलेली यंत्रणा तशीच राहते. मग जांभया, नाक वाहणे, अंगावर काटा, जुलाब, धडधड आणि तळमळ सुरू होते. ही प्रतिक्रिया सल्ल्याबरहुकूम गोळ्या घेणाऱ्यालाही चुकत नाही, कारण ती निव्वळ शारीरिक जुळवणुकीतून येते. तिच्यावरून एखाद्याला व्यसनी ठरवता येत नाही.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने हा भेद स्पष्टपणे नोंदवला आहे. ओपिऑइड वापर विकारासाठी तिने ११ निकष दिले. तलफ, मात्रेवरचा ताबा सुटणे, कामाकडे व घराकडे दुर्लक्ष, धोका दिसत असूनही वापर चालू ठेवणे असे ते निकष असून १२ महिन्यांत त्यांपैकी २ ते ३ आढळल्यास विकार सौम्य, ४ ते ५ आढळल्यास मध्यम आणि ६ किंवा अधिक आढळल्यास तीव्र मानला जातो. मात्र औषध वैद्यकीय देखरेखीखाली घेतले जात असेल, तर मात्रा वाढवावी लागणे आणि औषध थांबल्यावर त्रास होणे हे दोन निकष मोजायचे नाहीत, अशी तरतूद त्यातच आहे.

आता एक नोंद पाहू. 'रुग्ण दोन वर्षे मॉर्फीनवर, ओपिऑइड डिपेंडंट (ओपिऑइडवर अवलंबून), वेदना आटोक्यात.' लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या मनात फक्त शारीरिक जुळवणूक असू शकते. पण कोडरला, म्हणजे नोंद वाचून संकेतांक लावणाऱ्या कर्मचाऱ्याला, डॉक्टरांच्या मनात डोकावण्याची मुभा नसते. वर्गीकरणाच्या सूचीत 'डिपेंडन्स' शोधले की 'एफ ११.२०' सापडतो, आणि मध्यम किंवा तीव्र विकारासाठीही हाच संकेतांक आहे. त्याच डॉक्टरांनी 'वेदनेसाठी दीर्घकाळ ओपिऑइड, सल्ल्याप्रमाणे वापर, विकाराची लक्षणे नाहीत' असे लिहिले असते, तर 'झेड ७९.८९१' हा संकेतांक लागला असता. वेदनाशामक ओपिऑइड दीर्घकाळ चालू आहे, एवढेच तो सांगतो. चुकीचा संकेतांक पुढच्या प्रत्येक भेटीत रुग्णासोबत जातो, नव्या डॉक्टरांच्या मनात किंतु निर्माण करतो आणि कधी कधी वेदनाशामक मिळणेच अवघड करून ठेवतो. अशा चुकांचे खापर कोडरवर फोडणे मला अन्यायकारक वाटते, कारण बहुतेकदा मूळ वाक्यच तोकडे असते. शंका आल्यास कोडरने डॉक्टरांना लेखी विचारणा करावी अशी पद्धत आहे, पण त्या विचारणेतून विशिष्ट उत्तर सुचवता येत नाही.

विषबाधेच्या नोंदींत नेमकेपणाची कसोटी आणखी कडक असते. 'टी ४०.२एक्स१ए' या संकेतांकात 'टी ४०' हा अंमली द्रव्यांचा गट, '२' म्हणजे त्यातील मॉर्फीन-कोडीनसारखी ओपिऑइडे, 'एक्स' केवळ जागा भरण्यासाठी, '१' म्हणजे अपघाताने आणि 'ए' म्हणजे उपचार सध्या चालू आहेत. '१' च्या जागी '२' आला, तर अर्थ होतो हेतुपुरस्सर स्वतःला केलेली इजा. हेतूबद्दल काहीच लिहिलेले नसेल तर अपघात गृहीत धरला जातो. 'हेतू अनिश्चित' हा पर्याय हेतू ठरवता येत नाही असे डॉक्टरांनी लिहिले असेल तरच वापरता येतो. सल्ल्याप्रमाणे घेतलेल्या गोळीमुळे बद्धकोष्ठ झाला, तर मात्र ती विषबाधा ठरत नाही. तेथे आधी बद्धकोष्ठाचा संकेतांक आणि मग '१' च्या जागी दुष्परिणाम दाखवणारा '५' असलेला औषधाचा संकेतांक येतो. पण तीच गोळी मद्यासोबत घेतल्याने शुद्ध हरपली, तर प्रकरण पुन्हा विषबाधेत जाते.

मध्यम किंवा तीव्र विकारातून सावरलेल्यांसाठी 'एफ ११.२१' आहे. डीएसएम-५ नुसार तलफ सोडून इतर एकही निकष किमान ३ महिने दिसला नाही, तर लवकरची उपशमावस्था (विकार शमल्याची अवस्था) मानतात आणि १२ महिन्यांनंतर ती टिकाऊ समजतात. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या विकारावरील औषधांचे उपचार चालू असले तरी ती मानता येते. पण जुन्या कागदांवरून हिशेब करून कोडरने हा संकेतांक स्वतःहून लावायचा नसतो. डॉक्टरांनी तसे लिहावेच लागते.

मृत्यूच्या आकडेवारीत हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर दिसतो. मृत्यू प्रमाणपत्रावर केवळ 'औषधांच्या अतिमात्रेमुळे' असे लिहिले, तर तो मृत्यू 'टी ५०.९' या अनिर्दिष्ट औषधांच्या संकेतांकात जातो आणि ओपिऑइडच्या मोजणीतून निसटतो. औषधाचे नाव असले तरी अडचण पूर्ण संपत नाही. मृत्यूंसाठी वापरल्या जाणाऱ्या आयसीडी-१० मध्ये फेंटानिल आणि ट्रामाडोल ही अतिशय भिन्न ताकदीची औषधे 'टी ४०.४' या एकाच संकेतांकात येतात. अमेरिकेच्या रुग्णालयीन आवृत्तीत त्यांना ऑक्टोबर २०२० मध्ये वेगळे संकेतांक मिळाले. मृत्यूंच्या बाबतीत फेंटानिलचा वाटा नेमका काढायचा असेल, तर अभ्यासकांना संकेतांक बाजूला ठेवून प्रमाणपत्रावर लिहिलेला मूळ मजकूरच तपासावा लागतो.