हंगामी वाचन उपक्रम

हंगामी वाचन उपक्रम म्हणजे सार्वजनिक ग्रंथालयाने वर्षातल्या एका ठरावीक काळापुरता सभासदांसाठी ठेवलेला वाचनाचा कार्यक्रम. उन्हाळ्याची सुट्टी, पावसाळा, नाहीतर दिवाळीनंतरचे थंडीचे महिने. नाव नोंदवायचं, सहा-आठ आठवड्यांत काय वाचलं ते कार्डावर लिहायचं, मधे एकदोन वेळा बसून गप्पा मारायच्या आणि शेवटी छोटंसं बक्षीस. लहान मुलांसाठी हे बऱ्याच ठिकाणी होतं, पण इथे बोलायचंय ते पुण्यातली कुमारवयीन मुलं आणि मोठ्या माणसांबद्दल, कारण वाचन सुटतं ते बहुतेकदा आठवी-नववीनंतर, आणि एकदा सुटलं की पुष्कळांचं ते नोकरी लागून स्थिरस्थावर होईपर्यंत परत येत नाही.

मूळ पद्धत अमेरिकेतली. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी १८९० च्या दशकात शाळा बंद असताना मुलांचं वाचन तुटू नये म्हणून सुट्टीतले उपक्रम सुरू केले, पुढे टीनएजर आणि मोठ्यांसाठी वेगळे गट निघाले, हिवाळ्यातलेही निघाले. ब्रिटनमध्ये १९९९ पासून समर रीडिंग चॅलेंज चालतं, ते मात्र ४ ते ११ वयाच्या मुलांचं, सुट्टीत सहा पुस्तकं वाचायची.

पण मोठ्यांच्या हंगामी वाचनासाठी पुण्याला अमेरिकेकडे बघायची गरज नाही, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे दिवाळी अंक आहेत. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि तिथून ही परंपरा धरली जाते. त्यातूनच वाचनालयांची दिवाळी अंक योजना आली, म्हणजे एकदाच वेगळी वर्गणी भरायची आणि पुढचे काही महिने एक अंक परत करून दुसरा न्यायचा, जेवढे वाचून होतील तेवढे. ठरलेला काळ, वेगळी नोंदणी, देवघेवीच्या काउंटरवर ‘तो अंक आला का हो परत?’ अशी रोजची विचारपूस, आणि रांगेत पुढे उभ्या असलेल्या काकूंनी ‘यातली ती दुसरी कथा सोडू नका’ म्हणून दिलेला सल्ला, हे सगळं त्यात आहेच. फक्त कार्ड आणि बैठक जोडली की पूर्ण उपक्रम उभा राहतो.

महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं संस्थांनी चालवलेली आणि सरकारी अनुदान मिळणारी आहेत, १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडणारी. पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ चं, पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. वर्गणी, देणग्या आणि अनुदान यात सगळं बसवायचं असतं, त्यामुळे इथला उपक्रम स्वस्तातच व्हायला हवा, आणि तो होतोही, कारण लागतं काय तर छापील कार्डं, एक फळा आणि संध्याकाळचा तासभर जागा.

मुलांचा प्रश्न जास्त अवघड आहे. पुण्यात कॉलेजची आणि स्पर्धा परीक्षेची मुलं ग्रंथालयाच्या इमारतीत रोज येतात, पण अभ्यासिकेत, स्वतःच्या गाइड्स आणि नोट्स घेऊन, सकाळपासून रात्रीपर्यंत, आणि शेजारच्या कपाटातलं एकही पुस्तक हातात न घेता निघून जातात. त्यांच्यासाठी पानं किंवा पुस्तकं मोजण्यापेक्षा मिनिटं मोजलेली बरी, दिवसाला वीस मिनिटं, अभ्यासाचं सोडून काहीही, कारण पुस्तकं मोजायला लागलं की सगळे पातळ पुस्तक शोधतात आणि मोठी कादंबरी घेणारा मागे पडतो. कॉमिक्स, मासिकं, मोबाइलवरचं ईबुक, ऑडिओबुक, इंग्रजी पुस्तक, सगळं धरावं. यादी हातात ठेवली की ती शाळेसारखी वाटते, त्यापेक्षा कार्डावर बिंगोसारखे, एकेक करून भरायचे चौकोन चालतात: ‘आईबाबांनी तुमच्या वयात वाचलेलं पुस्तक’, ‘पुण्यात घडणारी गोष्ट’, ‘अनुवादित काहीतरी’, ‘अर्धं सोडलेलं पुस्तक’. शेवटचा चौकोन मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आवडलं नाही तर सोडायची मुभा आहे हे मुलांना कुणी सांगतच नाही.

बैठकीत मोठे आणि मुलं वेगळे बसवावेत, निदान सुरुवातीला तरी, नाहीतर काका बोलतात आणि मुलं ऐकतात. बक्षीस पुस्तकाचंच द्यावं, नाहीतर वर्षभराची वर्गणी माफ करावी.

वेळ ठरवताना परीक्षा बघाव्या लागतात. दहावी-बारावीचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये असल्याने मुलांचा हंगाम एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे शाळा उघडेपर्यंत. सुरुवात २३ एप्रिलला, जागतिक पुस्तक दिनी करता येते. पुण्यात त्याच सुमाराला वसंत व्याख्यानमाला असते, १८७५ पासूनची, न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली, तिथल्या विषयांवरची पुस्तकं काउंटरवर काढून ठेवली तर मोठी माणसंही थांबून बघतात. वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला असतो, दिवाळीच्या आसपासच, तेव्हा मोठ्यांची नावनोंदणी त्या दिवशी उघडायची, अंक आले की कार्डं वाटायची, जानेवारीतल्या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात एक बैठक घ्यायची आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी कार्डं जमा करायची. त्या दिवशी बऱ्याच ग्रंथालयांत काही ना काही कार्यक्रम असतोच, त्यामुळे बक्षिसांसाठी वेगळा हॉल बघावा लागत नाही.