‘हाय-वॉटर मार्क’ : भरतीच्या खुणेची पार्श्वभूमी

एखाद्या सत्तेचा, चळवळीचा किंवा कलावंताच्या कारकिर्दीचा परमोत्कर्ष सांगताना इंग्रजीत ‘हाय-वॉटर मार्क’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्दप्रयोग ‘शिखर’ या अर्थाने सर्रास वापरला जातो आणि त्यात त्याचा निम्मा अर्थ निसटतो, कारण भरतीची खूण पाणी उतरल्यावरच दिसते.

ठाणे खाडीच्या काठी राहणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागू नये. ओहोटीला ऐरोली-वाशीच्या बाजूला चिखल उघडा पडतो, तेव्हा पुलाच्या खांबांवर आणि तिवरांच्या बुंध्यांवर गाळाचा करडा पट्टा ठरावीक उंचीपर्यंत चढलेला असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तो वर जातो, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीला, खालीच राहतो.

हा फरक इंग्लंडच्या न्यायालयांनाही सोडवावा लागला होता, कारण किनाऱ्यावरची राजसत्तेची जमीन कुठे संपते आणि खासगी मालकी कुठे सुरू होते, हे याच खुणेवरून ठरे. १८५४ च्या ‘अ‍ॅटर्नी जनरल विरुद्ध चेंबर्स’ खटल्यात उधाण आणि भांग यांच्या मधल्या सरासरी भरतीची रेषा ग्राह्य धरली गेली. आपल्या २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने मात्र उधाणाचे पाणी जमिनीवर जिथवर पोहोचते तीच भरतीरेषा मानली. खारजमिनींवर भराव घालून वसवलेल्या आणि भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून ठेवण्यासाठी सिडकोला धारण तलाव बांधावे लागलेल्या नवी मुंबईत ही व्याख्या फार मोलाची आहे.

लाक्षणिक अर्थाचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकी यादवी युद्धातले आहे. ३ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गला, फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या सैन्याने मोकळ्या माळावरून चढाई केली, काही तुकड्या झाडांच्या एका लहानशा पुंजक्यापर्यंत पोहोचल्या आणि मागे रेटल्या गेल्या. तिथे १८९२ मध्ये उभारलेल्या स्मारकाला ‘हाय-वॉटर मार्क ऑफ द रिबेलियन’, म्हणजे बंडाच्या भरतीची खूण, असे नाव आहे. युद्ध त्यानंतरही जवळजवळ दोन वर्षे चालले. त्या दुपारी लढणाऱ्या कोणालाही हे नाव सुचणे शक्य नव्हते. म्हणूनच ऐन बहरात असलेल्या खेळाडूला हा शब्द लावणे मला चुकीचे वाटते.

गुंतवणुकीच्या व्यवहारात मात्र ही खूण पुढे पाहायला लावते. पोर्टफोलिओ घसरून पुन्हा वर आला, तरी त्याने पूर्वी गाठलेले सर्वोच्च मूल्य ओलांडेपर्यंत व्यवस्थापकाला नफ्यातला वाटा आकारता येत नाही.