व्हिडिओद्वारे समुपदेशन (ग्रामीण विदर्भ)

मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक आणि रुग्ण यांनी प्रत्यक्ष न भेटता मोबाइल अथवा संगणकावरील दृक्‌श्राव्य संवादातून घेतलेल्या उपचारसत्रास व्हिडिओद्वारे समुपदेशन म्हणतात. ही पद्धत पूर्वीही होती. मात्र कोविड-१९ च्या साथीत प्रत्यक्ष भेटीचे मार्ग बंद झाल्यावर तिच्याकडे पर्याय म्हणून पाहिले जाऊ लागले.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि त्याच दिवशी केंद्र सरकारने दूरवैद्यकासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. नोंदणीकृत डॉक्टरांना व्हिडिओ, ध्वनी किंवा लिखित संदेशांद्वारे सल्ला देण्यास त्यांमुळे स्पष्ट आधार मिळाला. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने दूरमानसोपचारासाठी स्वतंत्र कार्यपद्धतीही प्रसिद्ध झाली. विदर्भाच्या दृष्टीने हे निकडीचे होते. शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरात. मेळघाटातील किंवा यवतमाळच्या आडगावातील माणसाला तेथे जायचे तर एसटीशिवाय सोय नाही, आणि राज्यातील आंतरजिल्हा एसटी २० ऑगस्ट २०२० पर्यंत बंदच होती. ज्यांची औषधे आधीपासून चालू होती, त्यांच्यासाठी हा खंड विशेष धोक्याचा होता.

या पद्धतीची खरी अडचण नेटवर्कपेक्षा एकांताची आहे. सत्रात रुग्णाला मोकळेपणाने बोलता यावे, यासाठी दवाखान्यात दार लोटून घेता येते. दोन खोल्यांच्या घरात ते जमत नाही. टाळेबंदीत कापूस खरेदी थांबल्याने अनेक घरांत एक खोली कापसानेच भरलेली होती, आणि सारे कुटुंब दिवसभर उरलेल्या जागेत होते. कर्जाविषयी, दारूविषयी किंवा सासरच्या जाचाविषयी बोलायचे, तर ऐकणारे तेथेच बसलेले असतात. अशा वेळी वावराच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), बाभळीच्या सावलीत बसून बोलणे हाच उपाय उरतो. तेथे रेंज मिळते, पण उन्हात पडद्यावरचा चेहरा नीट दिसत नाही. स्मार्टफोन बहुधा घरातील कर्त्या पुरुषाकडे असल्याने स्त्रियांना तेवढीही मोकळीक क्वचितच मिळते. म्हणून सत्राच्या आरंभी ‘आत्ता जवळ कोणी आहे का?’ हे विचारणे, फोन तुटल्यास कोणत्या क्रमांकावर लावायचा हे ठरवणे आणि रुग्ण नेमका कोठे आहे ते नोंदवणे, या गोष्टी औपचारिक मानू नयेत. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या माणसापर्यंत मदत पोहोचवायची, तर समुपदेशकाला त्याचा ठावठिकाणा ठाऊक असावाच लागतो.

भाषेचा प्रश्नही दुय्यम नाही. ‘जीव घाबरते’, ‘कशातच मन लागत नाही’ ही वऱ्हाडी माणसाची तक्रार छातीचे दुखणे आहे की चिंताविकार, हे पडद्यावरून ओळखताना बोलीची जाण लागते. मेळघाटातील कोरकू आदिवासी भाषा बोलणाऱ्या रुग्णासाठी दुभाषी हवा, आणि दुभाषी आला की गोपनीयता आणखी एका माणसाच्या हाती जाते.

आशाताई हा येथील महत्त्वाचा दुवा ठरू शकतो. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत साथीपूर्वी राबवलेल्या ‘विश्राम’ उपक्रमात स्थानिक कार्यकर्त्यांच्या मदतीने नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले होते. ओळखीचे माणूस आधी घरी येऊन बसले, तर अनोळखी डॉक्टरशी फोनवर बोलणे सोपे जाते.

तीव्र मनोविकृती, हिंसक वर्तन किंवा व्यसन सोडताना होणारा गंभीर त्रास यांत केवळ व्हिडिओवर विसंबणे अयोग्य आहे. अशा रुग्णास जिल्हा रुग्णालयात न्यावे. पुढे, १० ऑक्टोबर २०२२ रोजी, केंद्र सरकारने ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवा सुरू केली. तिचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक साध्या बटणाच्या फोनवरूनही लागतो.