शतपावली

शतपावली : जेवणानंतर थोडा वेळ संथपणे चालण्याचा प्रघात. महाराष्ट्रात तो मुख्यतः रात्रीच्या जेवणाशी जोडलेला असून अंगण, इमारतीची गच्ची, सोसायटीचे आवार किंवा घरासमोरचा रस्ता या त्याच्या नेहमीच्या जागा आहेत. शतपावलीला सहसा कोणी व्यायाम म्हणत नाही. अन्न जिरावे, पोट हलके वाटावे आणि जेवल्याजेवल्या आडवे होणे टळावे, एवढाच हेतू सांगितला जातो. चयापचयाच्या अभ्यासात जेवणानंतरच्या रक्तशर्करेचा स्वतंत्र विचार होऊ लागला, तेव्हापासून मात्र या साध्या सवयीकडे संशोधकांचेही लक्ष गेले आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानविधी सांगताना जेवणानंतरचा क्रम दिलेला आहे : अन्नाचा जडपणा ओसरेपर्यंत राजाप्रमाणे स्वस्थ बसावे, मग शंभर पावले चालावे आणि त्यानंतर डाव्या कुशीवर पडावे. महाराष्ट्रात दुपारच्या जेवणानंतर घेतली जाणारी वामकुक्षी याच क्रमातली. डाव्या कुशीवर झोपल्यास जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढण्याचे प्रमाण उजव्या कुशीपेक्षा कमी राहते, असे आधुनिक मोजमापांतही आढळले आहे. चीनमध्येही जेवणानंतर शंभर पावले चालणारा नव्व्याण्णव वर्षे जगतो अशा अर्थाची म्हण प्रचलित आहे. शंभर हा आकडा दोन्हीकडे मोजमाप म्हणून घेण्याचे कारण नाही, कारण साधारण चालीने शंभर पावले टाकायला जेमतेम मिनिटभर लागते.

पोळी, भात, बटाटा यांसारख्या पिष्टमय पदार्थांचे पचन होऊन ग्लुकोज रक्तात उतरू लागते आणि निरोगी व्यक्तीत जेवण सुरू केल्यापासून सुमारे तासाभरात रक्तशर्करा सर्वाधिक पातळी गाठते. ती खाली आणण्याचे काम स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या इन्सुलिनचे. त्याच्या संदेशाने स्नायुपेशींतील ‘ग्लुट-४’ नावाची वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोजला आत घेतात. हीच वाहक प्रथिने स्नायूंच्या आकुंचनानेही पृष्ठभागावर येतात आणि त्यासाठी इन्सुलिनची गरज लागत नाही. टाइप-२ मधुमेहात आणि त्याच्या आधीच्या अवस्थेत स्नायू इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नाहीत, पण आकुंचनाचा हा दुसरा मार्ग बऱ्याच अंशी शाबूत असतो. मांड्या आणि पोटऱ्या हे शरीरातले मोठे स्नायू असल्याने चालताना ते रक्तातले ग्लुकोज थेट उचलतात, शर्करेचा चढ बोथट होतो आणि स्वादुपिंडावरचा भारही कमी होतो. शतपावलीचे सामर्थ्य त्यामुळे अंतरापेक्षा वेळेत आहे : ग्लुकोज रक्तात येत असतानाच त्याला गिऱ्हाईक उभे करणे.

वेळेचे हे महत्त्व काही प्रयोगांतून तपासले गेले आहे. अमेरिकेतील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठीपुढच्या, मधुमेहाचा धोका असलेल्या १० व्यक्तींना कधी सलग ४५ मिनिटे सकाळी वा दुपारी, तर कधी प्रत्येक जेवणानंतर १५-१५ मिनिटे चालवण्यात आले. रात्रीच्या जेवणानंतरची शर्करा उल्लेखनीय प्रमाणात उतरली ती जेवणानंतरच्या छोट्या फेऱ्यांनीच. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टाइप-२ मधुमेहाचे ४१ रुग्ण होते. दिवसातून कधीही ३० मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे चालल्याने त्यांची जेवणोत्तर शर्करा सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर हा फरक २२ टक्के होता. दोन्ही अभ्यास लहान आहेत आणि त्यांवरून दीर्घकालीन फायद्याचे अनुमान काढता येत नाही. मात्र दोन्हींचा रोख एकाच दिशेला आहे, आणि तो शरीरक्रियेशी जुळतोही. संध्याकाळनंतर शरीराची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता मंदावते, दिवसाचे सर्वांत भरपेट जेवण बहुतेक घरांत रात्रीच होते आणि त्यानंतर माणूस बसतो किंवा झोपतो. शतपावली रात्रीच्या जेवणाला चिकटून राहिली हे त्या दृष्टीने योग्यच झाले.

भारतीयांच्या बाबतीत हा विषय अधिक निकडीचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिसायला सडपातळ पण चरबीचे प्रमाण जास्त असलेल्या भारतीय देहयष्टीचा दीर्घ अभ्यास केला आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनाचा काटा समाधानकारक असूनही स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी जास्त अशी ही अवस्था असल्याने भारतीयांसाठी कंबरेच्या घेराची धोक्याची मर्यादा पुरुषांत ९० सेंमी. आणि स्त्रियांत ८० सेंमी. इतकी खाली धरली जाते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज दिला. त्यात गोव्यातील प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक होते.

शतपावलीकडून वजन उतरण्याची अपेक्षा बाळगणे मात्र व्यर्थ आहे. पंधरा मिनिटांच्या संथ चालीत खर्च होणारी ऊर्जा एका पोळीइतकीही भरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी सांगितलेली आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम तीव्रतेची हालचाल आणि दोन दिवसांचा स्नायूबळाचा व्यायाम यांची जागाही ती घेऊ शकत नाही, कारण स्नायूंचा साठाच तोकडा असेल तर ग्लुकोज उचलणार कोण? ताटातल्या क्रमाचाही संबंध येतो. भाजी, कोशिंबीर, डाळ आधी आणि भात-पोळी नंतर खाल्ल्यास शर्करा कमी चढते, असे प्रयोगांत दिसले आहे. आपली पंगत मात्र वरण-भातानेच सुरू होते, आणि त्यावर तूप पडल्याशिवाय कोणी हात लावत नाही. दुपारच्या जेवणानंतर येणारी पेंग काही अंशी शरीराच्या दैनंदिन लयीची आणि काही अंशी जड जेवणाची असते. कचेरीत जेवणाच्या सुटीतली उरलेली दहा मिनिटे खुर्चीऐवजी आवारात घालवल्यास ती बरीच सुसह्य होते. सलग बसण्यात दर वीस-तीस मिनिटांनी दोन-तीन मिनिटे चालण्याने जेवणोत्तर शर्करा आणि इन्सुलिन दोन्ही कमी राहतात. नुसते उभे राहण्याचा परिणाम त्याहून कमी असतो. जुन्या घरांत पुरुष शतपावलीला निघत तेव्हा बायका मागचे आवरत, ओटा पुसत, भांडी घाशीत असत. चयापचयाच्या हिशेबात ती हालचालही जमेची, जरी कोणी तिला आरोग्याचा नियम म्हणून गौरवले नाही.

चालण्याची गती बोलताना धाप लागणार नाही इतपत असावी आणि जेवणानंतर फार उशीर करू नये, कारण शर्करेचा चढ ओसरल्यावर चालण्याचा हा विशिष्ट लाभ घटतो. भरपेट जेवणानंतर वेगाने चालणे, धावणे किंवा जिने चढणे टाळावे. हृदयविकार असलेल्यांना अशा वेळी छातीत दुखू शकते आणि आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांची जळजळ वाढते. काही वृद्धांचा रक्तदाब जेवणानंतर एकाएकी उतरतो. त्यांनी पाटावरून वा खुर्चीवरून उठताना घाई करू नये आणि सोबतीला कोणी असल्यास बरे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या शर्करा उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी नव्याने ही सवय लावताना ती फार खाली जात नाही ना हे तपासत राहावे, तसेच डॉक्टरांशी बोलून गरजेप्रमाणे मात्रा बदलून घ्यावी. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी अंगणातसुद्धा अनवाणी फिरू नये, आणि परतल्यावर उजेडात तळवे पाहून घ्यावेत.