ऑक्टेन वाढलं, मग अ‍ॅव्हरेज का पडलं?

नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला गेलं की काउंटरवर ई२० चा, म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, हा वाद हमखास कानावर येतो. एक म्हणतो, "ई२० चं ऑक्टेन ९५, आधीच्या साध्या पेट्रोलचं ९१. इंधन उलट दमदार झालंय, उगाच रडू नका." दुसरा म्हणतो, "कसलं दमदार! माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आलं. तो ऑक्टेनचा आकडाच बोगस." दोघेही चुकतात. आकडा खरा आहे. अ‍ॅव्हरेज पडतं हेही खरं आहे, फक्त निम्म्यावर येत नाही. आणि पहिल्या गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही, हेच कोणी लक्षात घेत नाही.

इथेनॉलची ओळख करून देत बसत नाही. उसाची मळी, उसाचा रस, मका, तुकडा तांदूळ यांपासून ते बनतं आणि ई२० मध्ये ते २० टक्के असतं. इथेनॉलचे प्रकल्प उभारणारी प्राज कंपनी आणि मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट असलेल्या पुण्यात एवढं पुरे.

आता ऑक्टेन. हा इंधनाच्या ताकदीचा नव्हे, सोसण्याचा आकडा आहे. सिलिंडरमध्ये पिस्टन हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो. ठिणगी पडली की आग एका टोकाकडून शिस्तीत पसरत जायला हवी. तिची वाट न पाहता उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपसूकच पेटलं, तर इंजिन नॉक करतं. जुनी गाडी, चार माणसं, एसी चालू, कात्रजचा जुना घाट आणि गिअर न उतरवता दाबलेला अ‍ॅक्सिलरेटर असा योग जुळला की बॉनेटखालून ती टकटक ऐकू येते.

हा आकडा काढतात कसा, ते पाहिलं की घोळच उरत नाही. प्रयोगशाळेत एक सिलिंडरचं खास इंजिन असतं. चालू असतानाच त्याचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबायचं ते, कमीजास्त करता येतो. तुलनेला दोन शुद्ध द्रव घेतात. नॉर्मल हेप्टेन लगेच नॉक करतं, म्हणून त्याला शून्य. आयसो-ऑक्टेन बराच दाब सोसतं, म्हणून त्याला १००. ज्या मिश्रणात ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन असतं, त्याच्याइतकं तुमचं पेट्रोल नॉक करत असेल तर त्याचं ऑक्टेन ९१. इथेनॉल या मोजपट्टीच्या पलीकडे, साधारण १०८ वर जातं. या सगळ्या चाचणीत इंधनातून उष्णता किती निघाली, हे कोणी मोजत नाही.

आणि ती मोजलीच तर? हेप्टेन आणि आयसो-ऑक्टेन, दोन्ही जाळल्यावर किलोमागे सुमारे ४४ ते ४५ मेगाज्यूल देतात. एकाचं ऑक्टेन शून्य, दुसऱ्याचं शंभर, उष्मांक मात्र जवळपास सारखाच. पोराला शंभर मार्क पडले म्हणून त्याची उंची वाढत नाही, तसंच हे.

तुमची गाडी लिटरला किती पळणार, हे या उष्मांकावर ठरतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासूनच असतो, वजनाच्या जवळपास ३५ टक्के. तेवढं वजन जळून काही देत नाही. त्यामुळे लिटरभर पेट्रोलमधून ३२ मेगाज्यूलच्या आसपास मिळतात, तर लिटरभर इथेनॉलमधून सुमारे २१. वीस टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ६ ते ७ टक्के तूट येते. पण आपण शुद्ध पेट्रोलवरून थेट ई२० वर आलेलो नाही. देशात सरासरी १० टक्के मिश्रण २०२२ च्या मध्यालाच झालं होतं. तिथून मोजली तर तूट साडेतीन टक्क्यांच्या आतबाहेर. पंचेचाळीस देणारी स्कूटर साडेत्रेचाळीसच्या आसपास देईल. तीसवर आली असेल तर आधी टायरमधली हवा बघा, ब्रेक चिकटतोय का बघा, कार्बोरेटर साफ करून घ्या. मग इथेनॉलला शिव्या द्या.

ऑक्टेनचा फायदाच नाही, असं मात्र नाही. दाब सोसणारं इंधन मिळालं की इंजिन बनवणारा कॉम्प्रेशन वाढवू शकतो, ठिणगी आधी टाकू शकतो आणि आहे त्याच उष्णतेतून जास्त काम काढू शकतो. पण हे इंजिनातच केलेलं असावं लागतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातले आकडे बघा. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला ट्यून केलेल्या चारचाकीत ६-७ टक्के घट, तशाच दुचाकीत ३-४ टक्के, आणि ई१० साठी बनवून ई२० ला ट्यून केलेल्या चारचाकीत फक्त १-२ टक्के. त्याच आराखड्यात एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील ई२० ला टिकणारे, पण इंजिन ई१० लाच ट्यून केलेलं, आणि ई२० ला ट्यून केलेली इंजिनं एप्रिल २०२५ पासून, असे टप्पे होते. तेव्हा टाकीच्या झाकणावर ई२० चा स्टिकर दिसला म्हणून अ‍ॅव्हरेजची हमी मिळाली असं समजू नका. पाइप फुगणार नाहीत, एवढंच त्यातून कळतं.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, हे रिक्षावाल्यांना न सांगताच कळतं. सीएनजीचं ऑक्टेन १२० च्या घरात असतं, तरी चढाला रिक्षा पेट्रोलइतकी ओढत नाही, कारण सिलिंडरमध्ये हवेची जागा गॅस खातो.

स्कूटरमध्ये लिटरमागे जादा पैसे मोजून 'पॉवर'वालं पेट्रोल भरणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. तुमचं इंजिन साध्या पेट्रोलवर नॉक करत नसेल, तर वरचं ऑक्टेन त्याच्या काही कामाचं नाही. मेकॅनिकनं सांगितलं म्हणून ते गुणकारी होत नाही.

ब्राझीलमध्ये उष्मांकाचा हा फरक गाडी चालवणाऱ्यांना तोंडपाठ आहे. तिथे पंपावर इथेनॉल वेगळं मिळतं आणि त्याचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तरच ते भरणं परवडतं, असा साधा हिशोब लोक करतात. हा ७० टक्क्यांचा आकडा उष्मांकातूनच आलाय. आपल्याकडे बहुतेक पंपांवर असा पर्याय नाही. पण मिश्रित इंधनाचा उष्मांक कमी, म्हणून पंपावरचा दरही साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा, हे नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात लिहिलं होतं. इथेनॉलचे खरेदीदर तेव्हापासून वाढलेत, त्यामुळे आता ते जमत नाही, असं सरकारचं म्हणणं आहे. ते पटो न पटो, निदान मुद्द्याला धरून आहे. ग्राहक दराचं विचारतोय आणि त्याला ९५ ऑक्टेन ऐकवलं जातंय, हे मात्र उत्तर नव्हे.