हॅलक्स रिजिडस : शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन

पायाचा अंगठा तळपायातल्या लांब हाडाला जिथे मिळतो, त्या सांध्यातील कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) झिजून सांधा ताठर आणि दुखरा होण्याच्या विकाराला वैद्यकात हॅलक्स रिजिडस म्हणतात. पायातल्या सांध्यांपैकी सर्वाधिक झीज याच सांध्यात आढळते. इंग्रज शल्यचिकित्सक डेव्हिस-कॉली यांनी १८८७ मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि त्याच सुमारास कॉटरिल यांनी आज रूढ असलेले नाव वापरात आणले. वेदनाशामक गोळ्या, कडक तळाचे बूट, सांध्यातील इंजेक्शने यांनी भागेनासे झाले की शस्त्रक्रियेचा विचार होतो. ती बहुधा तासाभरात उरकते. पाय पूर्ववत व्हायला मात्र काही महिने, कधी वर्षही लागते, आणि त्या काळाचे यश पुष्कळसे रुग्णाच्या व घरच्यांच्या हाती असते.

‘अंगठ्याचे ऑपरेशन झाले’ एवढ्यावरून पुढे काय करायचे हे ठरत नाही. एका प्रकारच्या शस्त्रक्रियेनंतर अंगठा लवकरात लवकर हलवायचा असतो, दुसऱ्या प्रकारानंतर तो आठवडेच्या आठवडे अजिबात हलू द्यायचा नसतो. शेजारच्याने किंवा नातेवाइकाने सांगितलेला व्यायाम चुकीच्या शस्त्रक्रियेला लावला गेला तर नुकसान खरेच होते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचे नाव काय लिहिले आहे, हे रुग्णालयातून निघण्याआधी विचारून घ्यावे.

सांधा आणि शस्त्रक्रियेचे प्रकार

चालताना टाच उचलली की शरीराचा भार चवड्यावर येतो आणि अंगठा मुळापाशी वरच्या बाजूला वाकतो. निरोगी सांधा असा सुमारे ६५ ते ७५ अंश वाकतो. झीज झालेल्या सांध्याच्या वरच्या कडेला हाडाची वाढ होते, ती वाकण्याच्या आड येते आणि प्रत्येक पावलाला हाडावर हाड दाबले जाते. झिजेची प्रतवारी बहुधा कॉफलिन आणि शर्नास यांनी २००३ मध्ये मांडलेल्या शून्य ते चार या श्रेणींनुसार करतात.

झीज सुरुवातीची किंवा मध्यम असेल तर वाढलेले हाड आणि सांध्याच्या माथ्याचा वरचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा काढून टाकतात. ही कायलेक्टमी. डुव्रीज यांनी १९५९ मध्ये तिचा पुरस्कार केला. काही वेळा तिच्या जोडीला अंगठ्याच्या हाडातून पाचरीच्या आकाराचा तुकडा काढून अंगठा किंचित वर कलवतात. स्वीडनच्या मोबर्ग यांच्या १९७९ मधील लेखनामुळे ही पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते. कूर्चा जवळजवळ संपलेली असेल तर सांधाच कायमचा जोडून टाकतात. याला आर्थ्रोडेसिस म्हणतात. उरलेली कूर्चा खरवडून दोन्ही हाडे स्क्रू किंवा पट्टीने घट्ट धरली जातात आणि ती एकजीव होतात. वाकणे जाते आणि त्याबरोबर दुखणेही जाते. प्रगत झिजेसाठी आजही ही सर्वांत भरवशाची शस्त्रक्रिया मानली जाते. दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत हाडे जुळून येतात.

१९०४ पासून ज्ञात असलेली केलर शस्त्रक्रिया, म्हणजे अंगठ्याच्या हाडाचे मूळच कापून काढणे, आता मुख्यतः फार चालणे-फिरणे नसलेल्या वृद्धांपुरती उरली आहे, कारण तिच्यानंतर अंगठ्याचा जोर कमी होतो. कृत्रिम सांध्यांचा इतिहासही फार आश्वासक नाही. कार्टिव्हा नावाच्या जेलसदृश रोपणाला अमेरिकेत २०१६ मध्ये परवानगी मिळाली. पण ते काढून पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त दिसल्याने २०२४ मध्ये उत्पादकाने ते बाजारातून परत घेतले.

पहिले दोन आठवडे

हा काळ सर्व प्रकारांत जवळपास सारखा असतो. पुष्कळदा घोट्याजवळ इंजेक्शन देऊन पाऊल बधिर केलेले असते आणि रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतो. बधिरपणा बारा ते चोवीस तासांत उतरतो आणि मग ठणका एकदम सुरू होतो. दुखू लागल्यावर गोळी घेण्यापेक्षा बधिरपणा उतरण्याआधीच, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळेला, ती घेणे अधिक उपयोगी ठरते. पहिली रात्र कठीण जाते, हे आधीच सांगितलेले असले तर माणूस घाबरत नाही.

या दोन आठवड्यांतला खरा उपचार म्हणजे पाय हृदयाच्या पातळीच्या वर ठेवून पडून राहणे. खुर्चीत बसून पाय समोरच्या स्टुलावर ठेवणे पुरत नाही; पलंगावर झोपून पायाखाली दोन-तीन उशा घ्याव्या लागतात. दिवसातला बहुतेक वेळ असाच जावा आणि उठणे स्वच्छतागृह, जेवण एवढ्यापुरते राहावे. पाय खाली सोडताच तो जांभळट होतो आणि ठणकतो. रक्त खाली साचल्याने असे होते आणि पाय वर घेतला की रंग पूर्ववत होतो. सूज जास्त राहिली तर टाक्यांवर ताण येतो आणि जखम भरायला वेळ लागतो. म्हणून घरातल्या बाईचे ऑपरेशन झाले असेल तर स्वयंपाकाची व्यवस्था आधी लावून ठेवणे हा उपचाराचाच भाग समजावा. ‘जरा ओट्यापाशी उभी राहते’ म्हणता म्हणता तास जातो आणि संध्याकाळी पाऊल सुजून येते.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर ड्रेसिंग कोरडे ठेवायचे. बादलीने अंघोळ करणाऱ्याला हे सोपे जाते : प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून शस्त्रक्रियेचा पाय पिशवीत बांधून दुसऱ्या स्टुलावर बाहेर ठेवावा. पावसाळ्यात ओल्या फरशीवर घसरण्याचा आणि ड्रेसिंग भिजण्याचा धोका वाढतो. कोकणात किंवा गोव्यात जूनपासूनचे तीन-चार महिने टाळता आले तर टाळावेत. जखमेवर हळद, तेल, घरगुती लेप काहीही लावू नये. अंगठ्यातली अनवट आणि शेजारच्या बोटातली जोडवी शस्त्रक्रियेआधीच काढून ठेवावी लागतात, आणि सूज पूर्ण उतरेपर्यंत पुन्हा घालू नयेत. सुजलेल्या बोटात अडकलेले कडे रक्तपुरवठा रोखू शकते.

कडक, सपाट तळाची शस्त्रक्रियेनंतरची चप्पल रुग्णालयातूनच मिळते. तिच्याबाबत आपल्या घरांत एक अडचण हमखास येते. पादत्राण उंबऱ्याबाहेर काढायची सवय अंगात मुरलेली असते, त्यामुळे रुग्ण घरात शिरताना तीही काढतो आणि नेमका घरातच अनवाणी फिरतो. ही चप्पल पाय टेकवायचा असेल तेव्हा, देवघरापर्यंत जातानासुद्धा, पायात हवी. ती घरापुरती स्वच्छ ठेवली म्हणजे कोणाच्या मनाला टोचणी लागत नाही. तिचा तळ जाड असल्याने दुसऱ्या पायात तेवढ्याच उंचीचे पादत्राण घालावे, नाहीतर कंबर दुखू लागते. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी शस्त्रक्रियेचा पाय टाकावा.

कायलेक्टमीनंतर

येथे शत्रू आहे तो ताठरपणा. हाड काढून मोकळी केलेली जागा व्रणाच्या पेशींनी भरत जाते आणि हालचाल केली नाही तर काही आठवड्यांत सांधा पुन्हा आखडतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर जितके वाकणे मिळवले, त्यातले सगळे काही टिकत नाही. किती टिकेल हे व्यायामावर पुष्कळ अवलंबून असते.

ऑपरेशनच्या दिवसापासूनच त्या सपाट चपलेत पायावर भार घेता येतो. अंगठ्याचा व्यायाम काही शल्यचिकित्सक पहिल्या आठवड्यातच, तर काही टाके निघाल्यावर सुरू करायला सांगतात. एका हाताने पाऊल स्थिर धरावे, दुसऱ्या हाताने अंगठा मुळाजवळ पकडून हळूहळू वर न्यावा, काही सेकंद थांबावे, मग खाली आणावा. अंगठ्याचे टोक धरून वाकवले तर पुढचा छोटा सांधाच वाकतो आणि ज्यासाठी शस्त्रक्रिया केली तो सांधा तसाच राहतो. अनेक रुग्ण मनापासून व्यायाम करूनही याच कारणाने मागे पडतात, तेव्हा फिजिओथेरपिस्टकडून पकड एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावी. दिवसातून चार-पाच वेळा, थोडा थोडा व्यायाम चांगला. ताण जाणवणारच, पण व्यायामानंतरचे दुखणे तासाभरात कमी झाले नाही किंवा दुसऱ्या दिवशी सूज वाढली, तर जोर कमी करावा. जखम पूर्ण भरल्यावर व्रणाला रोज हलका मसाज दिल्यास कातडी खाली चिकटत नाही.

बहुतेकांना तीन-चार आठवड्यांत रुंद, मऊ बूट घालता येतात. बसून काम करणारे दोन ते चार आठवड्यांत कामावर जातात, दिवसभर उभे राहणाऱ्यांना सहा आठवडे किंवा जास्त लागतात. सूज मात्र तीन ते सहा महिने येत-जात राहते. मोबर्ग पद्धतही जोडीला केली असेल तर कापलेले हाड जुळेपर्यंत व्यायामाचा वेग कमी ठेवावा लागतो.

सांधा जोडल्यानंतर

येथे वरचे सगळे उलटे होते. हाड जुळण्यासाठी स्थिरता हवी. साधारण सहा आठवडे फक्त टाचेवर भार घेऊन चालायचे, चवडा जमिनीवर दाबायचा नाही. काही शल्यचिकित्सक या काळात पायावर अजिबात भार देऊ देत नाहीत आणि वॉकर किंवा कुबड्या वापरायला सांगतात. सहाव्या आठवड्याच्या आसपास एक्स-रे काढून हाड जुळत आहे का ते पाहतात, मगच साध्या बुटांकडे जाता येते. त्याला बहुधा आठ ते बारा आठवडे उजाडतात. दुखणे थांबले म्हणजे हाड जुळले, असा समज करून चौथ्या आठवड्यात चप्पल सोडून देणे हा या शस्त्रक्रियेतला सर्वांत महागात पडणारा उतावळेपणा आहे.

हाड न जुळण्याच्या कारणांत निकोटिन वरच्या क्रमांकावर आहे. ते लहान रक्तवाहिन्या आकुंचित करते. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला महाराष्ट्रातले पुष्कळ रुग्ण ‘नाही’ म्हणतात आणि ते खरेही असते. पण मशेरी लावणारी आजी किंवा तंबाखू मळणारा शेतकरी निकोटिनच घेत असतो. डॉक्टरांनी विचारले नाही तरी हे आपणहून सांगावे, आणि शस्त्रक्रियेआधी काही आठवडे ते हाड जुळेपर्यंत सोडावे. मधुमेह असलेल्यांनी साखर आटोक्यात आणूनच टेबलावर जावे. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर तीही भरून काढतात.

जोडलेल्या अंगठ्याने चालता येईल का, ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते. अंगठा जमिनीपासून सुमारे १० ते १५ अंश वर ठेवून जोडलेला असतो, त्यामुळे पाऊल पुढे सरकते आणि बाहेरून पाहणाऱ्याला बहुधा काही कळत नाही. लांब चालणे, सायकल, टेकडी चढणे, वारीची वाट हे सारे शक्य असते. उंच टाचेची पादत्राणे मात्र कायमची जातात.

मांडी घालून बसायला अंगठा वाकावा लागत नाही, तेव्हा पंगतीला किंवा पूजेला बसणे राहते. टाच टेकवून उकिडवे बसणेही बहुतेकांना जमते. अडते ते चवड्यावर बसणे : चुलीपुढे, भाजी निवडताना, नळावर भांडी घासताना टाचा उचलून बसायची सवय असेल तर ती बदलावी लागते. सूर्यनमस्कारात मागे नेलेल्या पायाची बोटे वाकतात, तेथे पायाची ठेवण बदलावी. नमाजाच्या सजद्यातही बोटे मुडपतात, आणि खुर्चीवर बसून नमाज पढण्याची मुभा अशा वेळी कामी येते. हे सारे शस्त्रक्रियेआधी बोलून घ्यावे, कारण रोज चवड्यावर बसून पोट भरणाऱ्या कामगाराचा निर्णय कार्यालयात बसणाऱ्यापेक्षा वेगळा असू शकतो.

वाहन

इंग्रजी माहितीपत्रकांत डाव्या पायाचे ऑपरेशन असेल आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर लवकर गाडी चालवता येते, असे लिहिलेले असते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना क्लच आहे, तेव्हा डाव्या पायालाही ही सवलत नाही. अचानक ब्रेक किंवा क्लच पूर्ण दाबता आल्याशिवाय चालकाच्या आसनावर बसू नये. सांधा जोडल्यानंतर याला सहा ते आठ आठवडे किंवा अधिक लागतात. मोटरसायकलची अडचण आणखी नेमकी आहे. गिअर वर घेताना लिव्हर अंगठ्याच्या वरच्या बाजूने उचलावी लागते आणि शस्त्रक्रियेचा छेद बहुधा तिथेच असतो. बिनगिअरची स्कूटर आधी जमते, पण सिग्नलला पाय टेकावा लागतो हे ध्यानात असू द्यावे.

गुंतागुंत

ताप, वाढती लाली, जखमेतून पू, पोटरीत दुखून सूज येणे, अचानक धाप लागणे किंवा अंगठा काळानिळा पडणे यांपैकी काहीही दिसल्यास फोनवर विचारत न बसता रुग्णालयात जावे. अंगठ्याच्या आतल्या कडेला बधिरपणा किंवा मुंग्या येणे बरेचदा दिसते. तिथून जाणारी बारीक नस छेदाजवळ ताणली जाते, आणि बहुतेकांत काही महिन्यांत संवेदना परतते. ज्यांना युरिक ॲसिडचा त्रास आहे त्यांना शस्त्रक्रियेनंतर गाऊटचा झटका येऊ शकतो. तो नेमका याच सांध्यात आला तर लाल, गरम, असह्य दुखणारा अंगठा संसर्गासारखाच दिसतो, म्हणून जुना त्रास डॉक्टरांना माहीत हवा.

स्क्रू किंवा पट्टी बुटात टोचत असेल तर हाड पक्के जुळल्यावर ती काढता येते. कायलेक्टमीनंतर काही वर्षांनी झीज पुढे गेली, तर सांधा जोडण्याचा पर्याय तेव्हाही खुला असतो. हा विकार पुष्कळांना दोन्ही पायांत असतो. तरी दोन्ही पायांची शस्त्रक्रिया एकाच वेळी करणे शक्यतो टाळतात, कारण मग भार घ्यायला चांगला पायच उरत नाही. पहिल्या पायावर बूट घालून नीट चालता येऊ लागले की दुसऱ्याची तारीख ठरवतात.